तक्रारीखाली सही

किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडीला उशीर झाला की फलाटावर देशाचा विषय निघायला फार वेळ लागत नाही. सुरुवात गाडीपासूनच होते. मग पलूसचा रस्ता, मग शेतीची वीज रात्रीच का सोडतात, मग उसाचं बिल, बेदाण्याचा दर, तलाठ्याकडचे हेलपाटे, मग पुढारी. शेवटी बाकावरचा एखादा तात्या टोपी सारखी करत निकाल देऊन टाकतो, "काय खरं न्हाई बघा पावणं ह्या देशाचं." सगळे माना डोलावतात. या वाक्यानंतर बोलण्यासारखं काही शिल्लकच राहत नाही, म्हणून चहा सांगितला जातो.

या गप्पांतली एकेक तक्रार सुटी करून पाहिली तर बहुतेक खरी निघते. थंडीत रात्री दोनला मोटार चालू करायला उसात शिरणाऱ्या माणसाला सापाची, बिबट्याची भीती काय असते, ते घरात गोधडी घेऊन झोपणाऱ्यानं सांगू नये. सातबाऱ्यावरचं एक चुकलेलं नाव दुरुस्त करून घ्यायला महिनोन्‌महिने फिरलेला माणूस चिडणारच. घोळ होतो तो बेरजेत. दहा खऱ्या तक्रारी मिळवल्या की 'देशाचं खरं नाही' हे एक वाक्य तयार होतं आणि त्या वाक्यातून सगळेच सुटतात. हेलपाटे घालायला लावणारा सुटतो, रस्त्याचं काम अर्धवट टाकून गेलेला ठेकेदार सुटतो, बोलणाराही सुटतो. देशच वाईट म्हटल्यावर माणसांना विचारायचं काय?

हे बोलायला याच फलाटाची जागा मिळावी याचं मला नवल वाटतं. 1910 पूर्वी या स्टेशनाचं नाव कुंडल रोड होतं. भोवती औंध संस्थानच्या हद्दीतला 32 एकर माळ, त्यावर निवडुंग आणि साप. लक्ष्मणराव किर्लोस्कर पंचवीस कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन इथं उतरले, तेव्हा तक्रारींचा साठा त्यांच्याकडे कुणापेक्षाही मोठा असणार. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला लागले. तिथं कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी झाली आणि बस्तान उठवावं लागलं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हा माळ दिला, कर्जाची सोय करून दिली, म्हणून वाडी उभी राहिली.

नांगर बनवले, तर ते कुणी घेईना. लोखंडाच्या फाळानं जमिनीला विष चढतं, अशी तेव्हा समजूत होती. आपले लोक अडाणी आहेत, या देशात यंत्र चालायचं नाही, असं म्हणायला लक्ष्मणरावांपाशी चांगला पुरावा होता. ते तसं म्हणून गप्प बसले असते तर त्यांचं म्हणणं खरंही ठरलं असतं, कारण मग नांगर बनलेच नसते. त्यांनी नांगर बनवणं चालू ठेवलं. ज्या जमिनीला विष चढणार होतं ती नांगरटीनं सुधारते हे शेतकऱ्याला पुढं स्वतःच्या रानात दिसलं, आणि मग कुणाचं भाषण ऐकायची गरज उरली नाही. 1926 पर्यंत वाडीत पाण्याचे पंप तयार होऊ लागले होते. वाडीच्या पहाऱ्याला तर त्यांनी औंधच्या तुरुंगातून शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. गावानं ज्यांच्या नावानं बोटं मोडायची, त्यांच्याच हाती रात्रीची राखण.

याच वाडीनं टीकाही केली, हे सहसा सांगितलं जात नाही. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. ती कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून सुरू झाली, पण थोड्याच काळात रूढी, अंधश्रद्धा, बायकांची कोंडी, देवाच्या नावावरची लबाडी या सगळ्यांवर ती सडकून लिहू लागली. 1930 मध्ये 'स्त्री' निघालं, 1934 मध्ये 'मनोहर'. एका आडरानातल्या कारखान्याच्या छापखान्यातून निघणाऱ्या या मासिकांनी मराठी घरांतल्या कितीतरी गोष्टींना नावं ठेवली. समाज बिघडलाय असं त्यांचंही म्हणणं होतं. फरक एवढाच की नावं ठेवणारा अंक दर महिन्याला वेळेवर छापून, पोस्टात टाकून, वर्गणीचा हिशेब ठेवून निघत होता. टीकेलाही कारखान्याचीच शिस्त होती.

देशप्रेम म्हणजे देशाला नावं न ठेवणं, असा एक समज अलीकडे फार पसरलाय. त्या मापानं पाहिलं तर पलूस तालुक्यातली सर्वांत मोठी देशभक्त मंडळी नापासच होतील. किर्लोस्करवाडीतले अभियंता उमाशंकर पंड्या 10 सप्टेंबर 1942 रोजी इस्लामपूरच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात मारले गेले. आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार होऊन नऊ जणांचा बळी गेला होता. मोर्चा म्हणजे तरी काय, जाहीर तक्रारच. तिला गोळीनं उत्तर मिळाल्यावर या भागातली पोरं भूमिगत झाली आणि 1943 पासून 1946 पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. त्याचं एक मोठं ठाणं पलूसला लागून असलेलं कुंडल. कुंडल औंध संस्थानात असल्यामुळे इंग्रजी हद्दीतल्या पोलिसांना तिथं सहज हात घालता येत नसे. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ सरकारी पैशाची रेल्वेगाडी लुटली, पुढच्या वर्षी थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. या गोष्टी इथल्या पोरांना तोंडपाठ असतात. पोवाड्यात त्या शोभतात, आणि शोभाव्यातही.

मला मात्र त्या खजिन्यापेक्षा बांधाच्या भांडणात जास्त गोडी वाटते. इंग्रजांचं राज्य वाईट, हे सांगायला एक सभा पुरते. पण त्या राज्याच्या कोर्टात जाऊ नका, असं लोकांना सांगितलं की दुसऱ्या दिवशी तंटा तुमच्या दारात येतो. दोन भाऊ, मधला बांध, थोरल्यानं तो हातभर सरकवला असं धाकट्याचं म्हणणं. आता ऐकून कुणी घ्यायचं? साक्षी कुणाच्या काढायच्या? निकाल थोरल्याच्या विरुद्ध गेला, तर तो मानेल कशावरून? न मानल्यास करायचं काय? आणि हे सगळं पोलिसांना चुकवत, रात्रीचं, कुणाच्या तरी मळ्यातल्या वस्तीवर. प्रतिसरकारनं गावोगावी न्यायदान मंडळं नेमली, तेव्हा 'सरकार काही करत नाही' असं म्हणायची सोयच त्यांनी स्वतःपुरती बंद करून टाकली. आता सरकार तेच होते.

लग्नांचंही तसंच. लग्नात घर बुडतं, सावकार जमीन खातो, ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्यांची. या मंडळींनी कमी खर्चाची, हुंडा-मानपानाला फाटा देणारी गांधी लग्नं लावायला सुरुवात केली. 1945 साली कुंडलला जी. डी. बापू लाडांचं स्वतःचं लग्नही त्याच पद्धतीनं लागलं. प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या या फील्ड मार्शलनं आपल्या लग्नात वाजंत्री आणली असती, तर बाकीच्यांना सांगायला तोंड उरलं नसतं. घरातल्या म्हाताऱ्या बायका रुसल्या नसतील असं मला वाटत नाही. वरात नाही, मानपान नाही, व्याह्यांना पागोटं नाही, असं लग्न सांगलीकडच्या घरात लावून दाखवणं आजही धाडसाचंच काम आहे. खजिना लुटण्यापेक्षा सोपं आहे, असंही नाही.

या सरकारला एक काळी बाजूही होती. शिक्षा म्हणून तळपायावर फटके बसत, आणि ज्यांना बसले त्यातले सगळेच दोषी होते असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? ज्यांच्या हाती न्याय येतो त्यांच्या हाती काठीही येते. कौतुक करताना हे झाकून ठेवायचं कारण नाही. उलट मला वाटतं, जबाबदारी घेतली की चुकाही आपल्या नावावर चढतात, या भीतीनंच पुष्कळ माणसं जन्मभर नुसती तक्रार करत राहतात. तक्रार करणाऱ्याच्या नावावर चूक कधी चढत नाही.

कुंडलच्या या पोरांना आधी एक धडा राजाकडूनही मिळालेला होता. औंधच्या बाळासाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्यानं 1939 मध्ये आपली सत्ता प्रजेकडे सोपवणारी राज्यघटना लागू केली. गावोगावी पंचायती निवडून आल्या, त्यांच्यावरती तालुक्याची समिती. कुंडल हा त्या संस्थानातलाच एक तालुका. कारभार करणं ही साहेबाची किंवा राजाची मिरास नाही, हे तिथल्या शेतकऱ्यानं तीन-चार वर्षं तरी जवळून पाहिलेलं होतं.

आता 'तक्रार सोडा, काम करा' असा उपदेश करणाऱ्यांविषयी. मोबाइलवर सकाळी सकाळी तिरंग्याच्या चित्राखाली असे सुविचार येतात: देशानं तुम्हाला काय दिलं ते विचारू नका, नकारात्मक बोलू नका. पाठवणारा बहुधा सुखवस्तू असतो. त्यानं एकदा ब्रह्मनाळला जाऊन यावं. येरळा जिथं कृष्णेला मिळते तिथलं, पलूस तालुक्यातलंच हे गाव. 8 ऑगस्ट 2019 रोजी महापुरात वेढलेल्या या गावातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून अधिक जीव गेले. बाया होत्या, लेकरं होती. पाणी चढतंय हे कधी कळलं, बोटी किती होत्या, त्या कुठं होत्या, त्यात माणसं किती बसवायची हे कुणी ठरवायचं, जीवरक्षक जाकिटं का नव्हती, हे प्रश्न त्या गावानं विचारले. त्याला कुणी नकारात्मक बोलणं म्हणणार असेल, तर तसलं सकारात्मक देशप्रेम कृष्णेत सोडलेलं बरं. माणसं बुडाल्यावर प्रश्न विचारणं हे नागरिकाचं सर्वांत पहिलं काम आहे. तिथं गप्प बसणारा देशाचा मित्र नव्हे.

पूर ओसरला की इथं दुसरी एक तक्रार वर येते: अलमट्टी. कर्नाटकातल्या त्या धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते, असं पारावर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण सांगेल. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीनं 2020 मधल्या अहवालात अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. लोकांना ते पटलं नाही, वाद अजून चालूच आहे. खरं काय, हे इथं ठरवण्याइतका मी जाणता नाही. पण वाद घालण्याच्या दोन तऱ्हा मात्र इथं समोरासमोर दिसतात. पारावरचा माणूस 'अलमट्टी' एवढा एक शब्द उच्चारून मोकळा होतो. कृष्णा महापूर नियंत्रण कृती समितीतली मंडळी, त्यात निवृत्त अभियंतेही आहेत, पावसाळ्यात धरणांच्या पाणीपातळ्या बघत बसतात, कुठल्या तारखेला किती साठा हवा होता आणि आहे किती, याचा हिशेब मांडतात, आणि तो लिहून सरकारकडे पाठवतात. मागणी चूक ठरली तर ती चूक आकड्यासकट सापडेल, अशी ती मांडलेली असते. पारावरच्या शब्दात चूक सापडतच नाही, कारण त्यात बरोबर असण्याचीही जोखीम नाही.

पुराच्या बाबतीत दोष दुसऱ्याचा म्हणता तरी येतो. नदीकाठची मीठ फुटलेली रानं पाहिली की तीही सोय राहत नाही. अंकलखोप, भिलवडी, आमणापूर हा कृष्णेचा काळ्या मातीचा पट्टा. एके काळी ही जमीन दाखवून मुलीच्या बापाला गप्प करता यायचं. आज उन्हाळ्यात यातल्या काही रानांत गेलं, तर ढेकळांवर पांढरा थर दिसतो. बोट फिरवून जिभेला लावावं, खारट लागतं. मध्येच ऊस गुडघ्याएवढा राहिलेला, पिवळा, आणि कडेनं वेड्या बाभळी. ही करणी इंग्रजांची नाही, अलमट्टीची नाही. उपसा योजनांमुळे बारमाही पाणी आलं आणि माणसानं ते रात्रंदिवस पाटानं सोडलं. पाणी दिलं म्हणजे ऊस वाढतो, जास्त दिलं म्हणजे जास्त वाढतो, असा हिशेब. काळ्या मातीतून पाण्याचा निचरा आधीच सावकाश, त्यात पूर्वीचे ओढे-ओघळ बुजवून प्रत्येकानं दोन-दोन सऱ्या वाढवून घेतल्या. जमिनीखालचं पाणी वर आलं, उन्हानं ते उडून गेलं आणि मीठ वरच राहिलं. खतांच्या गोण्यांचाही यात हातभार आहेच.

यावर उपाय नाही असं नाही. शिरोळच्या दत्त कारखान्याच्या पुढाकारानं तिकडच्या गावांनी शेकडो एकर क्षारपड जमीन पुन्हा पिकाखाली आणली. जमिनीत छातीएवढ्या खोलीवर भोकं पाडलेले, जाळीचं कापड गुंडाळलेले पाइप ठरावीक अंतरानं पुरायचे, ते मोठ्या पाइपला जोडायचे आणि त्या पाइपाचं तोंड ओढ्यात काढायचं. खारं पाणी हळूहळू झिरपून निघून जातं. नंतर ताग-धैंचा गाडायचा, पाणी बेतानं द्यायचं.

ऐकायला सोपं, पण घोडं नेमकं ओढ्याच्या वाटेवर अडतं. पाइप ओढ्यापर्यंत न्यायचा, तर मधे चार जणांची रानं लागतात. त्यातल्या एकाचं तुमच्याशी विसाव्या वर्षापासून वैर असतं. दुसऱ्याचं रान उंचावर, त्याला मीठ फुटलेलंच नाही, मग त्यानं खर्चात का पडावं? तिसरा पुण्याला, फोन उचलत नाही. चौथा म्हणतो, "आधी सरकारनं पैसं द्यावं, मग बघू." या चौघांना एका सतरंजीवर बसवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पाइप पुरायला यंत्र येतं आणि थोड्या दिवसांत काम उरकतं; त्याआधीच्या बैठकांना कधी कधी वर्षं जातात. अनुदान मागावं, हक्कानं मागावं, सरकारनं ते वेळेत द्यावं. पण जमिनीत मीठ आणण्यात आपला पाट किती आणि शेजाऱ्याचा किती, हे त्या सतरंजीवर बोललं गेल्याशिवाय एकही पाइप पुढं सरकत नाही. देशासाठी काही करायचंय, असं म्हणणाऱ्या पोराला मी बिनदिक्कत या बैठकीला पाठवीन. सीमेवर जाण्याइतकं त्यात तेज नाही, आणि वैऱ्याच्या दारात जाऊन "तात्या, जरा बोलायचं हुतं" म्हणण्यात अहंकाराची जी राख होते, तिला कुणी सलामीही देत नाही.

ग्रामसभेची गोष्ट तर याहून सोपी, तरी होत नाही. 15 ऑगस्टला सकाळी झेंडावंदन होतं, पोरं जिलेबी खातात, मोठमोठ्यानं गाणी लागतात. त्यानंतर ग्रामसभा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी, तेवढी माणसं जमली की गणपूर्ती होते. हजारो मतदारांच्या गावात शंभर माणसं. ती जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. तिथं पाच-पंधरा जण बसतात, ठराव सर्वानुमते मंजूर होतात आणि वर्षभर गाव म्हणतं, "पंचायतीत सगळा गोंधळच हाय." कायद्यानं दिलेली तक्रारीची सर्वांत जवळची जागा, तिथं खर्चाचा हिशेब विचारता येतो, इतिवृत्तात आपलं म्हणणं नोंदवून घेता येतं, त्यावर सह्या पडतात. पण तिथं नावानिशी उठून उभं राहावं लागतं. पारावर तसलं काही नसतं.

जाता जाता गलाईवाल्यांविषयी. पलूस, विटा, खानापूर, आटपाडी या भागातले हजारो लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेत. कोइमतूर, त्रिशूर, कोलकाता, कुठंही जा, सराफ पेठेच्या मागच्या बोळात भट्टीपाशी आपली बोली ऐकू येते. जत्रेला किंवा दिवाळीला ही मंडळी गावी येतात आणि आल्या दिवसापासून तुलना सुरू होते: "आमच्या केरळात बघा, सरकारी शाळा कशी असती." खरंच असते. दोन्हीकडचं पाहिलेला माणूस आहे तो, त्याचं ऐकायला हवं. मला खटकतं ते पुढचं. हाच माणूस गावाला देणगी देतो तेव्हा ती पुष्कळदा देवळाच्या कळसाला किंवा वेशीवरच्या कमानीला जाते, आणि केरळातल्यासारखी शाळा इथं का नाही, हा प्रश्न पुढच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवला जातो. शाळेला देणारेही आहेत, नाही असं नाही. कमानीवर नाव मोठ्या अक्षरात लिहिता येतं, शाळेतल्या मुलींच्या संडासावर कुणी लिहून घेत नाही, एवढाच काय तो फरक असावा.

प्रतिसरकार 1946 मध्ये थांबलं, वर्षभरात स्वराज्य आलं. या मंडळींनी आता आरामात बसून जुन्या आठवणी सांगाव्यात, सत्कार घ्यावेत, असं कुणालाही वाटलं असतं. नाना पाटील 1957 साली साताऱ्यातून लोकसभेत गेले ते विरोधी बाकावर. चिमठाण्याच्या खजिन्यावेळी गोळी लागलेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी यांनी लढ्यात मारल्या गेलेल्या किसन अहिर या साथीदाराच्या नावानं हुतात्मा साखर कारखाना उभा केला. कुंडलला जी. डी. बापूंच्या पुढाकारातून क्रांती कारखाना आला. अण्णा आणि बापू दोघंही 1922 चे. सत्तरीला टेकलेले असताना, 1993 मध्ये, आटपाडीला दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली, तेव्हा भारत पाटणकर, गणपतराव देशमुख या नेत्यांबरोबर हे म्हातारे पुन्हा व्यासपीठावर होते. मागणी होती कृष्णेच्या पाण्याच्या समान वाटपाची, आणि तीही जमीन असलेल्यांपुरती नव्हे. ज्याला एक गुंठाही नाही त्या कुटुंबालाही पाण्याचा वाटा द्या, असं ते म्हणत होते. ज्यांच्या स्वतःच्या भागात नदीकाठचा बागायती ऊस होता, ते वरच्या माळाला पाणी मागत होते. ज्या राज्यासाठी गोळ्या झेलल्या त्याच राज्याच्या नावानं त्यांनी ठराव लिहिले, मोर्चे काढले, मंत्र्यांच्या दारात बसले, आणि पाणी कुठून कसं उचलायचं याचे नकाशेही बरोबर नेले. बापू 2011 मध्ये गेले, अण्णा त्यानंतर चार-पाच महिन्यांत. आटपाडीची परिषद त्यांच्या माघारीही भरत राहिली.